राम आधी, रावण नंतर : प्राथमिक शाळेतल्या इंग्रजी व्याकरणाविषयी

पहिलीत येणाऱ्या मुलाला मराठीचं जवळजवळ सगळं व्याकरण येत असतं. दरवाजा 'तो', खिडकी 'ती' आणि कपाट 'ते', हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. 'टेबल'ला 'खाली' जोडायचं तर मध्ये शब्दाचं रूप बदलून 'टेबलाखाली' करायचं, हे त्याची जीभ आपोआप करते. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' या दोन वाक्यांत क्रियापद खाणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. मराठी शिकू पाहणारा परभाषक प्रौढ इथे हात टेकतो, पण पाच वर्षांच्या पोराचं यात सहसा चुकत नाही. त्याचं चुकतं ते भलत्याच ठिकाणी. 'केलं' म्हणायच्या जागी ते 'करलं' म्हणतं आणि घरातले हसतात. घरात कुणीच 'करलं' म्हणत नसतं. मग मुलानं ते आणलं कुठून? 'बसलं', 'पडलं', 'उठलं' हे ऐकून त्यानं स्वतःच्या मनाशी एक नियम काढला आणि तो 'कर'ला लावला. चूक दिसते तिथे खरं तर व्याकरण सापडल्याची खूण असते.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचंही असंच होतं, हे 1958 साली जीन बर्को या अमेरिकन भाषावैज्ञानिक बाईंनी फार सोप्या युक्तीने दाखवून दिलं. त्यांनी पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र काढलं आणि त्याला 'वग' असं नाव दिलं. शब्दच नवा, त्यामुळे पाठ असण्याचा प्रश्न नाही. मग दोन वगांचं चित्र दाखवून विचारलं, आता हे दोन काय? बालवाडीतली आणि पहिलीतली मुलं बिनदिक्कत 'वग्ज' म्हणाली. अनेकवचनाची व्याख्या त्यांतल्या एकालाही सांगता आली नसती. गंमत पुढेच आहे. 'टास' असा दुसरा बनावट शब्द दिला तेव्हा 'टासेस' म्हणणं पुष्कळांना जमलं नाही, आणि 'ग्लासेस' हा खरा शब्द मात्र त्यांच्या तोंडी होता. म्हणजे नियम आत उतरतो तोही तुकड्यातुकड्यानं. सोपा भाग आधी, अडचणीचा मागाहून.

आता आपल्या वर्गात या. इथल्या मुलाने इंग्रजी पाच वर्षं ऐकलेलं नाही. घरी, ओट्यावर, शेतात ते ऐकायला मिळत नाही. मिळतात ते सुटे शब्द: बस, पेन, बॉल, मोबाइल, चार्जर. शब्दांचा तुटवडा मुळीच नाही. वाक्याचा सांगाडा तेवढा नाही. आणि नेमका तो द्यायच्या वेळी आपण त्याच्या हाती व्याख्या ठेवतो. नाउन म्हणजे व्यक्ती, स्थळ किंवा वस्तूचं नाव. व्हर्ब म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द. मूल ती व्याख्या पाढ्यासारखी म्हणून दाखवतं, गुरुजी खूश, पालक खूश. मग त्याच मुलाला दोन आंबे दाखवून 'हे काय?' असं इंग्रजीत विचारावं. उत्तर येतं 'टू मँगो'.

ही व्याख्यांची सवय आपल्याकडे कशी आली, हे थोडं सांगितलं पाहिजे, कारण ती निसर्गनियम आहे असं बऱ्याच शिक्षकांना मनापासून वाटतं. लिंडली मरे नावाचे एक अमेरिकन वकील इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले होते. तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी 1795 साली इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक लिहिलं. त्याआधी, 1762 मध्ये, रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाचं पुस्तक येऊन गेलंच होतं. दोघांच्याही डोळ्यांसमोर लॅटिन व्याकरणाचा नमुना होता. मरे यांच्या पुस्तकाचा क्रम असा: आधी अक्षरं, मग शब्द आणि त्यांच्या जाती, मग वाक्यरचना, शेवटी छंद. पुढे कित्येक दशकं ते पुस्तक खपत राहिलं आणि इंग्रजीची शाळा जिथे जिथे गेली तिथे हा क्रमही गेला. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेही इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवूनच. मराठी शाळेत आपण ज्या आठ शब्दजाती घोकतो त्या याच वाटेनं आलेल्या आहेत. यास्कांच्या निरुक्तात पदांच्या जाती चारच आहेत, नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. तेव्हा आठ या आकड्यात पवित्र असं काही नाही.

नंतरच्या काळातली आपली दोन दैवतं म्हणजे दुसऱ्या एका तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि 'रेन आणि मार्टिन'. दोन्ही पुस्तकांबद्दल मला आदर आहे. भाषांतर पाठमालेनं कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्य मांडायला शिकवलं. पण ती ज्याला मराठी उत्तम वाचता-लिहिता येतं अशा मोठ्या विद्यार्थ्यासाठी होती. रेन-मार्टिनच्या पुस्तकाच्या तर नावातच 'हायस्कूल' हा शब्द आहे, आणि तरी तिसरीतल्या मुलासाठी ते विकत घेणारे पालक सापडतात. जाता जाता सांगतो, यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. जगाला ते व्याकरणामुळे माहीत नाहीत, 'बो जेस्ट' या वाळवंटातल्या सैनिकांवरच्या कादंबरीमुळे माहीत आहेत.

महाराष्ट्रात कित्येक दशकं मराठी शाळेतलं इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला थोडीफार व्याख्या पचते, कारण तोवर मराठीच्या तासाला नाम-सर्वनाम होऊन गेलेलं असतं. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून आलं. मुलांचं वय एकदम चार वर्षांनी खाली आलं. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं चित्रांची, गाण्यांची, संवादांची झाली, पण वर्गातली रीत बरीचशी पाचवीचीच राहिली. फळ्यावर शब्द, खाली अर्थ, मुलांनी उतरवून घ्यायचं, उद्या स्पेलिंग विचारणार. हे पुस्तक त्या रीतीशी भांडण्यासाठी लिहिलेलं आहे. भांडण शिक्षकांशी नाही. ज्या शिक्षकाला स्वतःला पाचवीत एबीसीडी शिकवली गेली, त्याने पहिलीतल्या चाळीस पोरांशी इंग्रजीत बोलावं अशी अपेक्षा धरताना त्याला कुणी फारसं काही दिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सहा ते नऊ या वयात इंग्रजी व्याकरण म्हणजे दहा-बारा वाक्यरचना कानात आणि तोंडात बसवणं. त्या बसवताना आपल्याजवळचं सर्वांत मोठं साधन म्हणजे मुलाच्या आत आधीच असलेलं मराठीचं व्याकरण. कुठे दोन भाषा एका वाटेनं चालतात आणि कुठे एकमेकींना आडव्या जातात, हे शिक्षकाला ठाऊक असलं की अर्धं काम झालं. मुलाला ते सांगायलाच हवं असं नाही.

सुरुवात सोप्या वाटेनं करू. मराठीत आज्ञा करताना आपण धातूच वापरतो: बस, ऊठ, ये, जा, पळ. इंग्रजीतही तसंच, सिट, स्टँड, कम, गो, रन. ना कर्ता, ना काळ, ना शेपटाला काही. म्हणून इंग्रजीचा पहिला महिना आज्ञांचा असावा. जेम्स ॲशर यांनी 1960च्या दशकात हीच कल्पना घेऊन एक अख्खी अध्यापनपद्धती उभी केली: शिक्षकाने आज्ञा द्यायची, मुलांनी बोलायचं नाही, फक्त करायचं. 'टच युवर नोज', 'जंप', 'ओपन द डोअर'. मूल गप्प असतं पण इंग्रजी वाक्य त्याच्या हातापायांपर्यंत पोचलेलं असतं. आपल्या खेड्यातल्या शाळेतही 'सिट डाउन' आणि 'स्टँड अप' पहिल्या दिवसापासून चालतंच. तिथे न थांबता पुढे जायचं, इतकंच.

यानंतर पहिला मोठा आडवा ओढा लागतो. 'रामाने रावणाला मारलं.' हेच वाक्य 'रावणाला रामाने मारलं' असं म्हटलं तरी रामायण बदलत नाही, कारण 'ने' आणि 'ला' हे दोन प्रत्यय कुणी कुणाला मारलं ते सांगायला बसलेले आहेत. इंग्रजीत ते प्रत्ययच नाहीत. 'राम किल्ड रावण' यातली दोन नावं इकडची तिकडे करा, लंकेत दिवाळी साजरी होईल. इंग्रजीत शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती. प्राथमिक शाळेतल्या इंग्रजी व्याकरणातली एकच गोष्ट शिकवायची मुभा मला दिली तर मी ही निवडीन. त्यासाठी व्याख्या लागत नाहीत. तीन वाक्यपट्ट्या आणि तीन मुलं पुरतात. 'कॅट', 'सीझ', 'डॉग' अशा पट्ट्या धरून मुलं वर्गापुढे उभी राहतात, मग कडेच्या दोघांनी जागा बदलायची आणि बाकीच्यांनी आता कोण कुणाला बघतंय ते अभिनय करून दाखवायचं. मराठी क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजी क्रियापद मध्ये, हेसुद्धा याच खेळात डोळ्यांना दिसतं. 'आय मँगो ईट' म्हणणारं मूल मराठी क्रमाने विचार करत असतं. त्याला 'चूक' म्हणून खाली बसवण्यापेक्षा मधल्या पट्टीवाल्याला मध्ये उभं करावं.

'टू मँगो'चंही असंच आहे. मराठीत आंबा-आंबे, फळ-फळं, नदी-नद्या अशी रूपं बदलतात खरी, पण दगड, हात, कागद यांचं अनेकवचन तेच राहतं. इंग्रजीतून घेतलेले पुष्कळ शब्द आपण याच खात्यात टाकले: दोन पेन, चार बॉल, शेवटच्या षटकात सहा रन. 'टू पेन' म्हणणारं मूल मराठीत शंभर टक्के बरोबर आहे. त्याला इंग्रजीचा 'एस' ऐकू यावा यासाठी मोजणी लागते, खूप मोजणी, आणि तीही खऱ्या वस्तूंची. वन पेन, टू पेन्स; वन बटन, फाइव्ह बटन्स. त्या 'एस'चा उच्चार कुठे स, कुठे झ होतो या भानगडीत पहिली दोन वर्षं पडू नये.

या 'एस'चा दुसरा अवतार मात्र छळतो. 'ही गोज', 'शी ईट्स'. प्रमाण मराठीत 'मी जातो' आणि 'तो जातो' एकच. 'स' लागतो तो 'तू'ला: तू जातोस, तू खातेस. इंग्रजीत 'तू'ला काही लागत नाही आणि 'तो'ला 'स' चिकटतो. दोन भाषांनी एकच ध्वनी घेऊन तो नेमक्या उलट माणसाच्या गळ्यात बांधला आहे. शिवाय इंग्रजी बोलताना अर्थाच्या दृष्टीनं या 'एस'ची काही गरज नसते. 'ही गो' म्हटलं तरी कळतं. ज्याच्यावाचून अडत नाही ते मूल शेवटी शिकतं. रॉजर ब्राउन यांनी तीन अमेरिकन मुलांच्या बोलण्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवून 1973 साली 'अ फर्स्ट लँग्वेज' हे पुस्तक लिहिलं, त्यात हेच दिसतं. मुलांनी सर्वांत आधी 'इंग' उचललं, मग 'इन' आणि 'ऑन', मग अनेकवचनाचा 'एस'. 'वेंट', 'केम'सारखी वेडीवाकडी भूतकाळी रूपं त्यामागून आली. 'ही गोज'मधला 'एस' बराच मागे राहिला. पुढे स्पॅनिश आणि चिनी बोलणारी मुलं इंग्रजी शिकताना हायडी ड्यूले आणि मरीना बर्ट यांनी तपासली तेव्हाही 'इंग' पुढे आणि हा 'एस' मागे, असंच चित्र निघालं. या क्रमावर नंतर वाद झाले, मुलाच्या मातृभाषेचा त्यावर परिणाम होतो असंही दिसलं. पण आपल्या बहुतेक व्याकरणपुस्तकांत पहिला धडा साध्या वर्तमानकाळाचा असतो आणि मुलं पहिल्याच महिन्यात 'ही गो'साठी लाल शाई खातात, हे कुठल्याही हिशेबानं उलटं आहे.

म्हणून या पुस्तकात 'इंग' आधी आहे. आणि त्यासाठी बाहेरून काही आणायची गरज पडलेली नाही. चिऊकाऊची गोष्ट आहेच. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराशी येऊन दार ठोठावतो आणि आत चिमणी दर वेळी बाळाचं नवं काम काढते. आंघोळ चालली आहे, कपडे चढवणं चाललं आहे, जेवू घालणं चाललं आहे, झोपवणं चाललं आहे. सबंध गोष्ट चालू वर्तमानकाळावर उभी आहे. 'ओपन द डोअर' म्हणणारा कावळा आज्ञार्थ पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि 'आय ॲम वॉशिंग माय बेबी', 'आय ॲम फीडिंग माय बेबी' म्हणणारी चिमणी 'इंग' घोटते. कंटाळा न येता तेच वाक्य आठ वेळा म्हणण्याची सोय लोककथेनं आधीच करून ठेवली आहे. व्याकरणाचा सराव म्हणतात तो याहून वेगळा नसतो. विदर्भातल्या शिक्षकांना इथे आणखी एक फायदा आहे. पुण्याकडचं मूल 'मी खातो' आणि 'मी खातोय' यांत कधी गोंधळ करील, पण नागपूर-अमरावतीकडचं मूल 'खाऊन राहिलो' असं ठसठशीत म्हणतं. 'आय ॲम ईटिंग'चं त्याहून नेमकं जोडीदार वाक्य प्रमाण मराठीतही नाही. ती बोली वर्गात चालू द्या.

'इंग' फार लवकर आवडतं हा त्याचा दोषही आहे. मोठेपणी आपण 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणतो ते तिथूनच. 'हॅव'कडे म्हणून जरा थांबून बघावं लागतं. मराठीत 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे वही आहे', 'वाघाला शेपूट असतं', 'मला ताप आलाय'. नातं, जवळची वस्तू, शरीराचा भाग, आजार, प्रत्येकाची मराठीत वेगळी मांडणी. इंग्रजी सगळ्यांना एकाच दावणीला बांधतं: आय हॅव. मुलाच्या दृष्टीनं ही चैन आहे, एक वाक्य शिकलं की चार कामं. अडतं कुठे, तर आपण 'हॅव म्हणजे जवळ असणे' असा अर्थ लिहून देतो तिथे. मग ताप जवळ कसा असेल?

प्रश्नाचं वाक्य शिकवणं अवघड. मराठीत वाक्य होतं तसं ठेवून शेवटी 'का' लावला की झाला प्रश्न. इंग्रजीत 'डू' नावाचा एक निरर्थक पाहुणा दारात आणून उभा करावा लागतो. हा 'डू' काय करतो हे सातवीतल्या मुलालाही नीट समजावता येत नाही, दुसरीतल्याचं सोडाच. माझा सल्ला, समजावू नका. 'डू यू लाइक' हा एकच शब्द आहे असं समजून पुढे आंबा, दूध, कारलं, शाळा काहीही लावू द्या. कारलं लावल्यावर वर्गातून 'नो, आय डोंट' एका सुरात येतं आणि नकारही त्यातच होऊन जातो.

सर्वनामांत मराठी मुलाला वाटतं त्याहून कमी त्रास आहे. आपल्याकडे खुर्चीसुद्धा 'ती' असते, इंग्रजीत निर्जीव सगळं 'इट'. बोलणारी मुलगी असो की मुलगा, 'आय गो' तेच. त्रास आहे तो आदराचा. बाईंना 'यू' म्हणायला चांगल्या घरचं मूल बिचकतं, आणि 'आजोबा आले' असं म्हणणाऱ्या तोंडून 'ग्रँडफादर आर कमिंग' असंही निघू शकतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' आहे हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावं. 'आपण' आणि 'आम्ही' यांना मिळून एकच 'वी' आहे, याची मात्र मुलांना खंत वाटत नाही. मलाच वाटते.

'अ' आणि 'ॲन' यांच्याबाबतीत मराठी मुलाजवळ इंग्रज मुलाकडे नसलेलं हत्यार आहे, आणि आपण ते वापरत नाही. इंग्रज मुलाला ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरं सांगतात आणि मग 'अवर' आणि 'युनिफॉर्म' हे अपवाद पाठ करायला लावतात. आपल्या मुलाला बाराखडीपासून स्वर म्हणजे काय ते कानाने माहीत असतं. शब्द देवनागरीत लिहून बघा. युनिफॉर्मची सुरुवात 'य'ने, म्हणजे व्यंजन, म्हणून 'अ युनिफॉर्म'. अवरची सुरुवात 'अ'ने, म्हणून 'ॲन अवर'. एक्स-रेचा 'ए', एमएलएचा 'ए', तिथेही 'ॲन'. इतकंच काय, 'अ बस' पण 'ॲन एसटी'. अपवाद एकही उरत नाही. फक्त ज्या गावात 'यष्टी' म्हणतात तिथे नियम लावण्याआधी उच्चार सरळ करून घ्यावा लागेल. 'द'बद्दल म्हणाल तर प्राथमिक शाळेत त्याचा नियम सांगूच नये. ज्या भाषेत ती चीजच नाही तिच्या मुलांना 'द' नियमाने येत नाही, गोष्टी ऐकून येतो. गोष्टीत पहिल्यांदा 'अ क्रो' येतो आणि दुसऱ्या वाक्यापासून तो 'द क्रो' होतो, हे दहा गोष्टींत दहा वेळा कानावर पडू द्यावं.

लिहिण्याकडे उशिरा वळावं असं माझं मत आहे, पण वळल्यावर दोन गोष्टींचा आग्रह धरावा, मोठं अक्षर आणि पूर्णविराम. देवनागरीत मोठं अक्षर नावाचा प्रकार नसल्यामुळे तो मुलाला निव्वळ लहरीपणा वाटतो. वाक्याचं पहिलं अक्षर, नावाचं पहिलं अक्षर आणि 'मी' या अर्थाचा 'आय' मोठा. दुसरीला एवढं पुष्कळ झालं. विरामचिन्हं मात्र परकी नाहीत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती इंग्रजीवरूनच मराठीत रुळवली, त्यामुळे पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह मुलाला मराठीच्या वहीतून ओळखीचे असतात. मराठीत टिंब दिलं नाही तर खपवून घ्यायचं आणि इंग्रजीत गुण कापायचे, असं करू नये.

पारिभाषिक शब्द कधी आणावेत? मराठीच्या तासाला नाम आणि क्रियापद झाल्यावर, म्हणजे तिसरी-चौथीत, आणि तेव्हाही मराठी नावांनीच. इंग्लंडमध्ये 2014च्या अभ्यासक्रमानं सहा-सात वर्षांच्या मुलांना नाउन, ॲडजेक्टिव्ह, टेन्स हे शब्द आणि आठ-नऊ वर्षांच्यांना 'फ्रंटेड ॲडव्हर्बियल' शिकवायला लावलं. मायकेल रोझन यांच्यासारख्या बालसाहित्यिकांनी त्यावर सडकून टीका केली. ती मुलं तर घरून इंग्रजी घेऊन येतात.

दुसऱ्या टोकाचंही एक उदाहरण आपल्याच देशात आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळुरू आणि दक्षिणेतल्या इतर काही शाळांत व्याकरण अजिबात न शिकवता फक्त कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक वाचून गाडी शोधा, नकाशावर रस्ता सांगा. लक्ष अर्थाकडे असलं की रचना आपोआप बसते, हा त्यांचा सिद्धांत. मला तो अर्धा पटतो. त्यांची मुलं मोठी होती आणि काही वर्षं इंग्रजी शिकलेली होती. पहिलीतल्या मुलाजवळ कामाला लावण्याइतकं इंग्रजीच नसतं. त्याला आधी साचे द्यावे लागतात.

आई-बाबांसाठी दोन शब्द. पोरानं फाडफाड इंग्रजी बोलावं ही इच्छा समजण्यासारखी आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पण पाहुण्यांसमोर 'ही गो' म्हणणाऱ्या मुलाला तिथेच सुधारणं म्हणजे पुढच्या वाक्याला कुलूप लावणं. 'यस, ही गोज टू स्कूल. अँड सिस्टर?' असं बरोबर वाक्य परत देऊन गप्पा पुढे न्याव्यात. ज्यांना स्वतःला इंग्रजी येत नाही अशा पालकांनी मुलाला रोज एक मराठी गोष्ट सांगावी. हा तोंडदेखला सल्ला नाही. 'आधी', 'मग', 'म्हणून', 'तरीही' यांनी वाक्यं जोडायची सवय मराठीत लागलेली असली तर चौथीत 'बिकॉज' आणि 'बट' शिकवायला एक तास पुरतो. तशी सवय नसलेल्या मुलाला 'बिकॉज'चा अर्थ पाठ असतो आणि तो वापरायला मात्र सुचत नाही.

एक मर्यादा सांगून टाकतो. इथली सगळी तुलना मराठीशी आहे. मेळघाटातलं कोरकू मूल किंवा गडचिरोलीतलं गोंडी मूल यांना मराठी हीच दुसरी भाषा असते; कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्राविड कुळातली, आणि त्यांची वाक्यं आपल्या अटकळीने चालत नाहीत. तिथल्या शिक्षकांनी माझी उदाहरणं बाजूला ठेवून मुलांनाच विचारावं, 'झाडावर माकड आहे' हे तुमच्या घरी कसं म्हणतात? उत्तरं एका वहीत लिहीत जावं. वर्षभरात जी वही तयार होईल ती तिथल्या वर्गासाठी या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगाची असेल.

पुस्तकातली प्रकरणं महिन्यांप्रमाणे लावलेली नाहीत, कारण जूनमध्ये पहिलीत किती मुलं नेमाने येतात हे शिक्षकांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. एक रचना बहुसंख्य मुलांच्या तोंडून न विचारता येऊ लागली की पुढची घ्यावी. पॅसिव्ह व्हॉइस, इनडायरेक्ट स्पीच, काळांचे बारा प्रकार यांतलं काहीही इथे सापडणार नाही. चौथीअखेर मुलाला 'इन', 'ऑन', 'अंडर', 'इंग', 'हॅव', अनेकवचन, 'डू यू' आणि 'वेंट', 'केम', 'सॉ', 'सेड' ही चार भूतकाळी रूपं बोलताना सहज वापरता आली, तर पाचवीच्या शिक्षकाने त्याला व्याख्या खुशाल द्याव्यात. 'ही गोज'चं प्रकरण शेवटून दुसरं आहे आणि ते मुद्दाम छोटं ठेवलं आहे. शेवटचं प्रकरण म्हणजे शिक्षकांसाठी चुकांची यादी आहे: मूल काय म्हणतं, ते कोणत्या मराठी वाक्यातून आलं असावं, आणि लाल शाई न काढता त्याला काय उत्तर द्यावं. वेळ कमी असेल तर आधी तेच वाचावं.